पडलेली स्कूटर दुरुस्त करून आठ महिने झाले: काय टिकलं, काय पुन्हा करावं लागलं

माझ्या स्कूटरचं पुढचं मडगार्ड आणि बाकीची बॉडी यांचा रंग आता जुळत नाही. पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारातून आणलं तेव्हा जुळत होता, निदान दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तरी. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. संक्रांतीच्या सुमारास सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, "अगं, हे पुढचं वेगळ्या रंगाचं मुद्दाम घेतलंस का?" तेव्हापासून मलाही तेच दिसतं.

गाडी ११० सीसीची, ऑगस्ट २०२१ मध्ये नवी घेतलेली. बॉडी बहुतेक प्लास्टिकची, पुढे टेलिस्कोपिक शॉकअप, १२ इंची लोखंडी रिम, ट्यूबलेस टायर. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण हा गाडीचा रिव्ह्यू नाहीच. पडल्यावर मी जी दुरुस्ती करून घेतली, तिचा आहे. पडले तेव्हा मीटर ३१,४०० च्या आसपास होता, आज ३५,९०० आहे. धायरी ते डेक्कन, रोज येऊन-जाऊन बावीस किलोमीटर.

जूनमधली सकाळ, पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. राजाराम पुलाच्या अलीकडे पुढच्या रिक्षाला प्रवासी दिसला आणि ती माझ्यासमोरून आडवी डावीकडे गेली. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक नेमकं झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर. ओल्या रंगावर टायरला पकड कसली? गाडी उजवीकडे सरकली, चाक डिव्हायडरच्या दगडाला धडकलं आणि मी आणि गाडी, आम्ही दोघी उजव्या कुशीवर. वेग वीस-पंचवीसचा असेल. मला कोपरावर आणि गुडघ्यावर खरचटलं, डबा मात्र फुटला. आमटी रस्त्यावर.

मागून आलेल्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाने गाडी उचलून मधल्या स्टँडवर लावली, चावी फिरवून बटण दाबलं आणि गाडी उभ्या जागी घुर्रर्र करून ओरडायला लागली. त्याने पटकन चावी बंद केली. झालं होतं असं की हँडलचं टोक रस्त्यावर आपटून उजवी ग्रिप आत सरकली होती आणि तिची कड स्विचच्या डब्याला घासत होती. रेस पिळली की तिथेच अडकून राहायची. मुलाने ग्रिप मुठीत धरून जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर ओढली, तशी ती टक् करून परत गेली. हा प्रकार मला अजिबात माहीत नव्हता. गाडी स्टँडवर नसती आणि मी घाईघाईत बसून सेल मारला असता, तर थेट समोरच्या बसखाली. उजव्या अंगावर पडलेली स्कूटर चालू करण्याआधी, चावी बंद असतानाच, हँडल डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत वळवून दोन्हीकडे रेस सोडून बघायची. आपोआप परत येते की नाही, एवढंच. माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात मोलाची तपासणी तीच होती आणि ती फुकट झाली.

दुसऱ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. एस्टिमेट आलं ९,४०० रुपयांचं: मडगार्ड, पुढचं कव्हर, उजवं साइड पॅनल, आरसा, ब्रेक लिव्हर, सायलेन्सरचं गार्ड, पेंट, लेबर. खाली एक ओळ, "फ्रंट एंड चेक्ड, ओके". मी ती ओळ वाचली आणि मान डोलावली. आता तो कागद पुन्हा काढून बघितला, तर त्यातली प्रत्येक वस्तू डोळ्याला दिसणारी आहे. दगडाला धडकलं होतं चाक, आणि चाकाबद्दल त्या कागदावर एवढी एकच ओळ.

इन्शुरन्सचं गणित मी इथेच चुकवलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारं कव्हर, नव्हतं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर सरळ ५० टक्के घसारा कापतात, आणि तीन ते चार वर्षं वयाच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर २५ टक्के. शिवाय सक्तीचे १०० रुपये आपल्या खिशातून. बिलात बहुतेक प्लास्टिक, म्हणजे अंदाजे पाच हजारांच्या आसपास परत मिळाले असते. पण नवरा म्हणाला, "क्लेम केलास तर नो क्लेम बोनस शून्यावर येईल." क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सूट ३५ टक्क्यांवर होती, ऑगस्टमध्ये ४५ होणार होती. ४५ टक्के ऐकायला केवढे वाटतात! नूतनीकरणाचा कागद आल्यावर कळलं की हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. थर्ड पार्टीचे पाच वर्षांचे पैसे तर गाडी घेतानाच भरलेले असतात. आणि माझा नुकसानीचा मूळ हप्ता होता साडेसहाशेच्या आत. म्हणजे तीनशे रुपयांची सूट वाचवायला मी पाच हजार सोडले. कारच्या हप्त्याचा हिशेब स्कूटरला लावला की असं होतं. नवऱ्याला हे सांगितल्यावर त्याने विषय बदलला.

तर गाडी गेली आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे. ते म्हणाले, "ताई, पार्ट तुम्ही आणा, मी बसवतो. ओरिजिनल आणा नाहीतर लोकल, तुमची मर्जी." शनिवारी भावाला घेऊन नाना पेठ गाठली. तिथे एकाच पार्टचे तीन भाव सांगतात आणि तिन्ही वेळा "एकदम कंपनीसारखाच" असंही सांगतात. मी जिथे चार पैसे वाचतील तिथे लोकल घेतलं. सगळं मिळून पहिला खर्च ३,१५० रुपये. घरी येऊन मी स्वतःवर भलतीच खूश होते.

आता आठ महिन्यांनंतरचा हिशेब.

मडगार्डचं सांगितलंच. रंग उडाला ते एक, पण त्याची भोकंही मूळ जागेवर बसत नव्हती. काकांनी एक भोक तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने मोठं केलं आणि वायसर टाकून कसलं. पंचेचाळीसच्या वेगाला ते गुणगुणतं. पन्नासला गप्प होतं. घरात मी सोडून हे कोणालाच ऐकू येत नाही.

लोकल ब्रेक लिव्हर ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट खरेदी. ऐंशी रुपयांची. लिव्हरला आतल्या बाजूला एक छोटा दात असतो. लिव्हर सुटी असताना तो ब्रेकलाइटचा स्विच दाबून धरतो, ओढली की सोडतो आणि मागचा लाल दिवा लागतो. माझ्या लिव्हरचा दात केसभर लांब होता. ब्रेक उत्तम लागायचा, दिवा मात्र लिव्हर पार मुठीला टेकवली तरच. हे मला कळायला सहा आठवडे लागले. एका रात्री पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला नाही म्हणून. डाव्या लिव्हरने दिवा लागत होता, त्यामुळे दिवसा कधी शंकाच आली नाही. दुसऱ्याच दिवशी ओरिजिनल आणली, एकशे साठ रुपये. सहा आठवडे पावसात मी मागच्या लोकांना न सांगता ब्रेक मारत होते.

आरसा लोकलच आहे, चाललाय. थरथरतो, पण मागे रिक्षा आहे की टेम्पो एवढं कळतं. साइड पॅनल बदललंच नाही. त्याचा आतला एक कान तुटला होता. काकांनी तुटका तुकडा जागेवर धरला, वर खायच्या सोड्याची चिमूट टाकली आणि फेविक्विकचे दोन थेंब सोडले. चर्र झालं, थोडा धूर आला आणि दगडासारखं घट्ट बसलं. आजही बसलेलं आहे. खर्च पाच रुपये, सोडा गॅरेजशेजारच्या वडापाववाल्याचा.

आता मुख्य रडगाणं. जुलैभर मला वाटत होतं की गाडी सरळ जाते, पण हँडल किंचित डावीकडे असतं. किंचित म्हणजे मीटरची काच रस्त्याच्या रेषेत नसते इतकंच. माणसाला कशाचीही सवय होते, मलाही झाली. ऑगस्टमध्ये भावाने गाडी नेली आणि चौकातून परत आला. "अगं, हे हँडल बघ की! तू चालवतेस कशी?" मग त्याने पार्किंगमध्ये मला एक गोष्ट दाखवली, ती मी आता सगळ्यांना दाखवत फिरते. फरशीवर एक तांब्या पाणी ओतायचं, दोन्ही चाकं त्यातून सरळ न्यायची आणि पुढे कोरड्यावर उमटलेल्या ओल्या रेघा बघायच्या. गाडी हातात धरून चालत नेली तरी चालतं. पुढच्या चाकाची रेघ आणि मागच्याची रेघ एकावर एक पडायला हवी. माझ्या दोन रेघा शेजारीशेजारी होत्या. मध्ये करंगळी मावेल एवढी कोरडी फरशी.

काकांनी आधी सोपा उपाय केला. कधीकधी पुढचं चाक धरणारे शॉकअपचे पाइप वाकलेले नसतात, नुसते वरच्या क्लॅम्पमध्ये पिळलेले असतात. बोल्ट ढिले करून चाक दोन गुडघ्यांत धरायचं, हँडल पिळायचं, पुन्हा कसायचं. अर्धा फरक गेला, अर्धा राहिला. टायर बघितला तर उजव्या कडेची नक्षी डाव्यापेक्षा स्पष्ट झिजलेली. मग शॉकअप उतरवले. काकांनी पाइप दुकानाच्या काचेच्या काउंटरवर ठेवून बोटांनी लोटला. डावा गुळगुळीत घरंगळत गेला. उजवा लटपटत गेला. प्रत्येक फेऱ्यात मधला भाग काचेवरून उठायचा आणि खालून उजेडाची बारीक फट दिसायची. क्लॅम्पच्या जरा खाली वाकला होता. डोळ्यासमोर धरून बघितला तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सोबत कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंगही, गेलेला. हँडल हळू वळवलं की बरोबर मध्यावर बारीक 'कट्' लागायचं. दगडावर आपटताना गोळ्यांनी वाटीत खाचा पाडल्या होत्या. ही तपासणी दोन मिनिटांची आहे: मधला स्टँड, मागे कोणीतरी दाबून धरायचं म्हणजे पुढचं चाक उचललं जातं, मग हँडल दोन बोटांनी वळवायचं. मध्यावर ते स्वतःहून थबकत असेल तर कोनसेट बदलायचाच.

इथे मी दुसऱ्यांदा पैसे वाचवले. नवे दोन पाइप एकोणीसशेला, प्रेसवर सरळ करून पाचशेला. काकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, सरळ होईल, पण क्रोमची गॅरंटी नाही." मी पाचशेचं काम करून घेतलं. नवा कोनसेट, ऑइल, लेबर धरून १,३५० झाले. रेघा एकावर एक पडल्या, मला बरं वाटलं. डिसेंबरमध्ये उजव्या शॉकअपवर तेलाचं चकचकीत कडं दिसायला लागलं. सरळ करताना क्रोमला बारीक चिरा गेल्या होत्या आणि त्यांनी आतलं तेल अडवणारं रबरी ऑइलसील कापून काढलं. शेवटी नवे पाइप, नवे सील, पुन्हा ऑइल, पुन्हा लेबर, २,६००. वर एका कडेने झिजलेला टायर बदलला, १,५००. बेरीज करून बघा: लिव्हरचे एकशे साठ सोडून ८,६००. तीही काकांनी एकदा लेबर न घेता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं. अर्थात सर्व्हिस सेंटरचे ९,४०० दिले असते, तरी त्यात हा पाइप नव्हताच. तेव्हाही हे सगळं वर भरावंच लागलं असतं.

रिमचा किस्सा छोटा आहे. आठवड्याला हवा २२ वरून १७-१८ वर यायची. पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी लावलं, तर टायरमध्ये पंक्चर नाही, रिमच्या कडेला जिथे दगड लागला होता तिथे मोहरीएवढे बुडबुडे. लोखंडी रिम असल्याने ठोकून कड सरळ करता आली, आतून तारेच्या ब्रशने घासून सीलंट लावलं. अलॉय असतं तर ठोकायला दिलं नसतं, तडा जायची भीती. त्यानंतर हवा टिकते.

कॉम्बी ब्रेकची (डावी लिव्हर ओढली की दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी) तार पडल्यानंतर ताणली गेली होती, ती काकांनी पहिल्याच दिवशी जमवून दिली. त्याबद्दल तक्रार नाही.

हेल्मेट मात्र मी ऑगस्टपर्यंत तेच वापरलं, हे कबूल करते. बाहेरून एक ओरखडा होता फक्त. आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि दबला की पुढच्या वेळी काम करत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही. आयएसआयचं नवं घेतलं ते ऑगस्टच्या पगारातून.

पुन्हा अशी वेळ आली तर मी गॅरेजमध्ये शिरताच मडगार्डचं नावही काढणार नाही. आधी पाण्याच्या रेघा, मग मध्यावरचं 'कट्', मग चाक गरगर फिरवून रिमजवळ पेन धरायचं आणि अंतर कमी-जास्त होतं का ते बघायचं. हे झाल्याशिवाय रंगाचा विषय नाही. पार्टमध्ये लिव्हर, पाइप, कोनसेट, सील हे ओरिजिनल. आरसा आणि मडगार्ड लोकल चालतील, गुणगुणणं सोसत असेल तर. आणि झिरो डेप यंदा घेतलंय.

सायलेन्सरच्या गार्डवरचे ओरखडे तसेच ठेवलेत. पाडव्याला मुलगी गाडी पुसत होती, तिने विचारलं हे काय गं. म्हटलं, राजाराम पुलाची खूण. ती म्हणाली, "आणि हे मडगार्ड?" ते काकूंनी आधीच विचारलंय म्हटलं.