ढेकणांसाठीचं गादी-कव्हर, पाच महिन्यांनंतर: तीन चांदण्या, कापलेल्या दोन झिपच्या

जुलैत घेतलेलं झिपवालं कव्हर, सहाही बाजूंनी बंद, डबल साईज, १,८५० रुपये. कापड-बिपड विक्रीच्या पानावर लिहिलंय, ते परत सांगत नाही. आज लिहायला बसलो कारण काल रात्री झिपच्या टोकाची चिकटपट्टी तिसऱ्यांदा सुटली.

आधी माझा गुन्हा. मे महिन्यात घर सोडून जाणाऱ्या एका भाडेकरूकडून सागवानी पलंग साडेतीन हजारात घेतला. बेळगावच्या शहापुरात सुताराकडून करून घ्यायचा तर चौपट गेले असते, म्हणून महिनाभर मिरवलो. जूनमध्ये दंडावर ओळीने तीन-चार गांधी उठायला लागल्या. डास समजून मच्छरदाणी लावली. बायकोच्या अंगावर एक डाग नाही, त्यामुळे ‘तुमचं पित्त’ असा निकाल लागला. (चावा प्रत्येकाच्या अंगावर उठतोच असं नाही, हे मागाहून कळलं.) मग चादर बदलताना गादीच्या शिवणीत शाई ठिबकल्यासारखे काळे ठिपके दिसले. ओला कापूस फिरवला तर तपकिरी ओघळ. शेजारच्या अज्जींना बोलावलं. त्यांनी वाकून वास घेतला आणि कन्नडमधून एकच शब्द टाकला, “तिगणे.” म्हणजे ढेकूण.

आमच्या आईचा उपाय रॉकेल. लाकडी पलंग, शेजारी चार्जरची वायर, त्यावर रॉकेल? नको म्हटलं. गादी उन्हात टाकावी तर बेळगावच्या जुलैत ऊन कुठलं! आणि असतं तरी जाड कापसाच्या गादीत ते सावलीच्या अंगाला सरकतात. अंड्यांसकट मरायचे तर गादी आतपर्यंत ५० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ तापावी लागते. दुकानातला फवारा मारला, तर चार दिवसांत मुलीच्या खोलीत निघाले. फवारणीवाल्याने दोन फेऱ्यांचे साडेचार हजार सांगितले. पलंगापेक्षा जास्त! म्हणून कव्हर.

आता झिप. तिचं सरकतं टोक शेवटचे दोन दात सोडून अडतं आणि ज्वारीच्या दाण्याएवढी फट उरते. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं. त्याला ही फट म्हणजे चन्नम्मा सर्कल, आमचा मोठा चौक. तक्रार केली तर व्हिडिओ मागितला. पाठवला. उत्तर आलं, ‘व्हिडिओत कीटक दिसत नाही.’ रात्री तीनला टॉर्च घेऊन गादीशी दबा धरून बसलो, त्या नादात बदलून द्यायची मुदत संपली. तेव्हा लिहिलं असतं तर एकच चांदणी दिली असती, कारण चावे चालूच होते आणि सगळा दोष मी त्या फटीला देत होतो.

गणपतीच्या आधी घर झाडताना पलंग भिंतीपासून ओढला आणि उशाकडच्या फळीचे स्क्रू काढले. भोकाभोकात वस्ती. मोठे, पिल्लं, टाकलेल्या काती, लाकडाला चिकटवलेली मिलिमीटरभर पांढरी अंडी. कव्हर बिचारं काय करणार? ते ढेकूण मारतच नाही. आतल्यांना कोंडतं आणि शिवणी झाकून लपायची जागा काढून घेतं, बस. पांढरं असल्यामुळे नवा ठिपका सकाळी उठल्या-उठल्या दिसतो, हा मोठा फायदा मात्र विक्रीच्या पानावर कुठेच नाही.

पलंग सुटा करून अंगणात काढला, पाणी खळखळून उकळून किटलीने एकेका सांध्यात ओतलं. पॉलिश गेलं. वाचलेली अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दहाव्या दिवशी परत तेच. आईच्या दोन्ही वाकळा हंड्यात उकळल्या. हातटाक्यांची वाकळ म्हणजे त्यांची चाळच. पलंगाचे चारी पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत, भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकवायची नाही. पहिल्या आठवड्यात वाट्यांत अकरा सापडले, मग चार, मग एक. ऑक्टोबरपासून काही नाही. मुलीच्या खोलीतही हेच केलं, तिथे लवकर आटोपलं.

राहिली गादी. उपाशी ढेकूण महिनोन्महिने जगतो, त्यामुळे वर्षभर कव्हर उघडायचं नाही. म्हणजे १,८५० रुपये देऊन मी ते धुवायचंही नाही, आणि ती फट बंद ठेवायची राखणदारीही माझीच. पावसाळ्यात काळी इलेक्ट्रिकची पट्टी सुटली, मग कापडी सुटली, काल पुठ्ठ्याच्या खोक्यांची. आज सकाळी बायकोने सुई-दोरा घेतला आणि पाच मिनिटांत फट शिवून टाकली. पाच महिने हे मला का सुचलं नाही ते विचारू नका, तिनेही विचारून झालंय.

घ्यायचं तर गादीची जाडी मोजून घ्या, आणि आल्याच दिवशी झिप शेवटपर्यंत ओढून बघा.

आई विचारते, गादी पिंजायला कधी काढायची? पुढच्या जुलैत, म्हटलं.

“तोवर पिंजारी राहतोय काय?”