लाकडी ठोकळ्यांचा सेट, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधी मुद्द्याचं सांगतो, घ्या. पण बापाने त्यात किती हात घालायचा हे घेतानाच ठरवा, कारण मला ते कळायला चार-पाच महिने लागले आणि तेवढे महिने हा सेट मुलांचा कमी आणि माझाच जास्त होता.

घेतला तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि मुलगा नुकताच एक वर्षाचा झालेला, आता ती पाच आणि तो अडीच. बीच ह्या झाडाचं लाकूड, रंग नाही, 60 नग. मूळ ठोकळा साधारण 14 सेंमी लांब, 7 रुंद आणि साडेतीन जाड, म्हणजे रुंदी जाडीच्या दुप्पट आणि लांबी रुंदीच्या दुप्पट, आणि बाकीचे सगळे तुकडे ह्याच मापावर, कोणी अर्धा, कोणी दुप्पट, कोणी चौपट, शिवाय कमानी, त्रिकोण, गोल खांब. हे माप कॅरोलिन प्रॅट ह्या अमेरिकन शिक्षिकेने 1913 च्या सुमारास ठरवलं आणि अजून तेच चालतंय. मला आधी वाटलं माप काय, कुठलंही चालेल. नाही चालत, ते पुढे येईलच.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी मीच बसलो, कमानींचा पूल केला, दोन्हीकडे बुरूज, सगळं एकसारखं, फोटो पण काढला. मुलगी शेजारी बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं चल आज तू बनव, तर हात मांडीवर ठेवून म्हणाली "बाबा तूच कर, तुला छान येतं." तेव्हा मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि मग असेच चार-पाच महिने गेल्यावर एका रात्री ते वाक्य परत आठवलं तेव्हा पोटात कसंतरी झालं. तिच्याच खेळण्यात तिला करण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यानंतर ठरवलं की तिच्यासमोर मी काही उभं करायचं नाही, फक्त खाली जमिनीवर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिले दोन आठवडे तिने जवळजवळ काहीच केलं नाही आणि मला सारखं वाटायचं की एक छोटंसं करून दाखवू का. नाही दाखवलं.

मुलाचं तर वेगळंच. तो एकेक ठोकळा उचलायचा, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचा, परत यायचा, पुढचा उचलायचा. असं महिनाभर. कधी चपलेत, कधी उशीखाली. मी सारखा त्याला धरून बसवायचो आणि एकावर एक ठेवायला लावायचो आणि तो रडायचा. नंतर वाचलं की ठोकळ्यांच्या खेळात मुलं ठरलेल्या पायऱ्यांनी जातात, पहिली पायरी नुसती वाहून नेण्याची, मग रांगा आणि थप्प्या, मग दोन खांबांवर आडवा तिसरा म्हणजे पूल, मग चारी बाजूंनी बंद केलेली जागा, आणि बरंच पुढे जाऊन मग 'हे घर आहे, हा दवाखाना आहे'. म्हणजे तो त्याच्या जागी अगदी बरोबर होता, वजन, लांबी, हातात किती मावतं हे सगळं तो शिकत होता, घाई फक्त मला होती. हे वाचल्यावर मी त्याला ओढून बसवणं बंद केलं आणि त्याचं रडणं पण थांबलं.

आता मापाचं. मुलगी साधारण चार वर्षांची असताना दोन ठोकळे उभे करून वर आडवा टाकायला बघत होती आणि तो दर वेळी मधून खाली पडत होता, कारण अंतर जास्त होतं. मी मोजलं, सात वेळा पडला. तिसऱ्या वेळेलाच माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला आणि खरं सांगतो, ह्या दीड वर्षात सगळ्यात अवघड काम मला हेच वाटलं. आठव्या वेळी ती उठली, दुप्पट लांबीचा ठोकळा आणला आणि ठेवला, बसला. काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. ठोकळे वाटेल त्या मापाचे असते तर 'छोटा पुरत नाही, दुप्पट लागेल' हे तिला तिचं तिचं कळलं नसतं.

भांडणं होतात. तो तिचं पाडतो, वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला पाडण्यातच मजा असते, आपण ढकललं की आवाज होतो आणि सगळं कोसळतं हे त्याला परत परत बघायचं असतं. मी आधी त्याला सॉरी म्हणायला लावायचो, त्याने तिचं रडणं थांबत नव्हतं आणि त्याला तर काही कळतच नव्हतं. आता तिची जागा टेबलावर, तो पोचत नाही तिथे, आणि त्याला पाडण्यासाठी मी खाली थप्प्या रचून देतो. मी स्वतः रचतो ते आता एवढंच.

अजून एक सवय बदलली. मी सारखं विचारायचो "हे काय बनवलंस?" आणि ती काहीतरी सांगून मोकळी व्हायची. हल्ली मी जे दिसतं तेवढंच बोलतो, "ह्या बाजूला दोन ठेवलेस आणि त्या बाजूला पण दोन", की मग ती स्वतःहून पाच मिनिटं बोलत सुटते, आत कोण राहतं, कोण आजारी आहे, दार कुठे आहे. 2007 साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता त्यात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना घरी ठोकळे दिल्यावर काहींची भाषा पुढे गेलेली दिसली, पण त्याला पैसे ठोकळे बनवणाऱ्या कंपनीनेच दिले होते त्यामुळे मी त्यावर फार भर देणार नाही, माझ्या घरात जे झालं ते सांगतोय.

तक्रारी आहेत. तीन ठोकळे एक-दोन मिलिमीटरने कमी जाडीचे निघाले, ऐकायला किरकोळ पण उंच टॉवर त्यानेच कलतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. एका त्रिकोणाचं टोक खरखरीत होतं, ते मी पॉलिश पेपरने घासलं. पिशवी तर बेकारच, महिन्यात शिवण उसवली, आता उघड्या फळीवर ठेवतो आणि फळीवर प्रत्येक आकाराची बाह्यरेषा काढलीय, त्यामुळे आवरताना दोघं आपणहून जागा शोधतात. धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. फरशीवर आवाज खूप होतो, खाली सतरंजी टाका.

आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सगळ्यात छोटे तुकडे आधी तपासा. खेळण्यांच्या तपासणीत साधारण 32 मिलिमीटर रुंदीची आखूड नळी वापरतात, तिच्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. आमच्या सेटमधले दोन छोटे गोल तुकडे मी पहिल्याच दिवशी वर ठेवून दिले, ते अजून वरच आहेत. टॉवर स्वतःच्या खांद्यापेक्षा उंच करायचा नाही हा नियम पण ठेवा, हे लाकूड जड असतं.

आता आम्ही दुप्पट आणि चौपट लांबीचे ठोकळे वेगळे घेणार आहोत, तिला ते कमी पडतात. तुम्हीही नंतर वाढवणार असाल तर जुना एक ठोकळा सोबत घेऊन जा आणि नव्याच्या शेजारी उभा करून बघा.