देवगडच्या बागेची वेबसाइट: १६ महिन्यांनंतरचा अनुभव आणि देठाचा श

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पावणेसातला पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "वहिनी, तुमची साइट उघडत नाहीये. तांबडी खूण येतेय, माहिती चोरीला जाऊ शकते म्हणतंय." मांगरात (बागेतल्या शेडात) तेव्हा आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालू होतं, माझे दोन्ही हात पेंढ्यात. आमच्या धंद्यातली वर्षातली सगळ्यात मोठी संध्याकाळ ती. साइट परत सुरू झाली रात्री साडेअकराला. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी १९ ऑर्डरी आल्या होत्या, यंदा एकही नाही.

म्हणून हंगाम संपता संपता हे लिहायला बसले. वेबसाइट करून घेणारे बागायतदार आता गावोगाव आहेत, त्यामुळे डोमेन म्हणजे काय, होस्टिंग म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ज्या मुलीने आमची आताची साइट केली तिच्याबद्दल लिहिते, कारण १६ महिन्यांत तिच्याविषयी माझं मत दोनदा बदललं.

आधी पहिल्या अनुभवाचं. २०२० च्या टाळेबंदीत वाशीच्या बाजारात माल पाठवणं मुश्कील झालं, तेव्हा आम्ही व्हॉट्सॲपवरून थेट गिऱ्हाइकाला आंबा द्यायला लागलो. दोन वर्षांनी शहरातल्या एका कंपनीकडून १२ हजारांत वेबसाइट करून घेतली. त्यांच्या माहितीपत्रकात प्रत्येक कौशल्यापुढे रंगीत पट्टी होती: एचटीएमएल ९५ टक्के, सीएसएस ९० टक्के (या वेबपान लिहायच्या भाषा), डिझाइन ९८ टक्के. मला ते पटलं होतं. पण भाषा येते म्हणजे ९५ टक्के येते, हे कुणी मोजलं आणि कशावर मोजलं, हे विचारायला हवं होतं.

त्या साइटची दोन दुखणी. एक म्हणजे डोमेन त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. पैसे आमचे, नोंद त्यांची. सोडायची वेळ आली तेव्हा नाव आमच्याकडे वळवायचे १५ हजार मागितले. नोंदीत ज्याचं नाव त्याचं डोमेन, भांडून काही झालं नाही. आम्ही नवीन नाव घेतलं आणि जुना पत्ता छापलेल्या दोन हजार खोक्यांवर घरातल्या सगळ्यांनी बसून स्टिकर चिकटवले. त्या स्टिकरांचा खर्च आजही वहीत वेगळा लिहिलेला आहे.

दुसरं दुखणं अक्षरांचं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'खऱ्या हापूसची ओळख' असं यायला हवं होतं. सासऱ्यांना ते मोबाइलवर दाखवलं. त्यांचं आयुष्य प्राथमिक शाळेत फळ्यावर अक्षरं गिरवून घेण्यात गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ह्यां अक्षर मोडलेलां कसां? शिरोरेघ खंय गेली?" खरंच, प्रत्येक अक्षर सुटं, डोक्यावरची रेघ मधे मधे तुटलेली. शिवाय 'खऱ्या'चं झालं होतं 'खर्या'. कंपनीला सांगितलं. त्यांचा डिझाइन करणारा म्हणाला, माझ्या चित्रात बरोबर आहे, कोड लिहिणाऱ्याला विचारा. कोड लिहिणारा म्हणाला, मला जसं दिलं तसं मी बसवलं. तीन महिने हेच चाललं. शेवटी त्यांनी शीर्षकाचं चित्र करून तिथे डकवलं. दिसायला बरं, पण चित्रातला मजकूर सर्च इंजिनच्या नीट हाती लागत नाही आणि अंध माणसाचा फोन तो सहसा नीट वाचून दाखवू शकत नाही. हे मला पुढे कळलं.

गेल्या वर्षी जानेवारीत कुडाळची ही मुलगी भेटली. तिचं नाव लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. पुण्यात सात वर्षं काढली. आधी एका जाहिरात संस्थेत बॅनर करायची, मग वर्डप्रेसच्या थीम (साइटचे तयार साचे), त्यासाठी पीएचपी ही भाषा, मग पुढच्या बाजूचं जावास्क्रिप्ट. टाळेबंदीत घरी आली ती परत गेलीच नाही. तिच्याकडे पट्ट्या नव्हत्या. तीन साइटचे पत्ते दिले आणि म्हणाली, "काकू, या साइट घरात वायफायवर बघू नका. बागेत जाऊन मोबाइलवर उघडा, उन्हात." आमच्या कातळावरच्या बागेत रेंज एक काडी येते. तिन्ही उघडल्या.

किंमत सांगितली ४२ हजार. मी वैतागले. १२ हजारांत होतं ते ४२ ला कशाला? आणि पहिला नमुना आला तेव्हा तर जास्तच वैतागले. साधं पांढरं पान, एक फोटो, मोठी अक्षरं, दोन बटणं. जुन्या साइटवर सरकणारे फोटो होते, उडणारी पानं होती. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तिला पाचापैकी दोनच तारे दिले असते.

मत पहिल्यांदा बदललं ते मार्चमध्ये. त्याआधी ती दोन दिवस आमच्या मांगरात येऊन नुसती बसली होती. फोनवर गिऱ्हाइकं काय विचारतात ते वहीत लिहून घेत होती. मला वाटलं, दिवस भरतेय. फॉर्म आला तेव्हा कळलं. सगळीकडे विचारतात 'किती पेट्या'. तिच्या फॉर्मचा पहिला प्रश्न होता: 'आंबे कधी खायचे आहेत?' आंबा म्हणजे फडताळातला माल नव्हे. ऑर्डर आली की झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) काढायचा, कच्चा पाठवायचा, मग तो घरी आढीत किंवा पेटीत आठवडाभर पिकायचा. गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो मुंजीचा दिवस, पाहुणे यायचा दिवस. तारीख टाकली की पान सांगतं, पेटी अमुक दिवशी निघेल, अमुक दिवसापर्यंत उघडून ठेवा, पिकायला इतके दिवस लागतील. खाली पिनकोड घालायचा. जिथे पार्सल वेळेत पोहोचत नाही तिथली ऑर्डर ते घेतच नाही. 'पिकलेले पाठवणार की कच्चे' हा प्रश्न मी हंगामात दिवसाला तीस-चाळीस वेळा ऐकायचे, तो पाच-सहावर आला. 'आंबे आले पण हिरवेच आहेत' अशा तक्रारी जवळपास थांबल्या. मला हे काम चित्र काढण्यापेक्षा फार मोठं वाटतं. आणि ते तिला जमलं कारण ती आधी ऐकत बसली.

साधेपणाचं कारणही तेव्हाच कळलं. फोनने काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. जुन्या साइटवर तसे आठ फोटो जसेच्या तसे चढवलेले होते. हिने प्रत्येक फोटो वेबपी प्रकारात दीडशे केबीच्या आत आणला, खालचे फोटो पान खाली सरकवल्यावरच उतरतात. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, हे गूगलचंच माप आहे, असं तिने सांगितलं. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांत निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, नाहीतर उन्हात आणि वयस्कर डोळ्यांना वाचता येत नाही. मी हौसेने निवडलेला फिका केशरी रंग तिने त्यासाठीच नाकारला होता. मी त्यावरून चार दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते.

आता अक्षरांबद्दल. बाकीच्या मानाने हे फार लांबवतेय हे मला माहीत आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच.

शिरोरेघ का तुटत होती, हे तिने आमच्या पडवीत बसून पाच मिनिटांत दाखवलं. इंग्रजी शीर्षकं देखणी दिसावीत म्हणून दोन अक्षरांमध्ये थोडी जागा सोडायची पद्धत आहे, लेटर-स्पेसिंग म्हणतात तिला. बाजारातल्या बहुतेक थीम इंग्रजीसाठी केलेल्या, त्यामुळे हे माप त्यांत आधीपासून घातलेलं. देवनागरीत तेच माप लागलं की ब्राउझर अक्षरं एकमेकांपासून ढकलतो आणि वरची रेघ फाटते. ते शून्य केलं की काम झालं. एका ओळीचा उपाय. तसंच ओळीच्या उंचीचं. इंग्रजीला पुरते तेवढी उंची ठेवली तर आपल्या वेलांट्या आणि अनुस्वार वरच्या ओळीला टेकतात, तिने ती वाढवली. 'खऱ्या'मधला ऱ्य नीट टाइप करून दिला.

आणि मग श. मराठीत आपण देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल लिहितो, २००९ च्या शासन निर्णयातही तीच रूपं आहेत. पण फोनवर, संगणकावर बहुतेक वेळा हिंदी वळणाची रूपं, म्हणजे गाठीचा श आणि दंडाचा ल, येतात. आपल्याला त्यांची इतकी सवय झालीय की लक्षातही येत नाही. हिने काय केलं? पानाच्या अगदी सुरुवातीला, जिथे भाषा सांगायची असते, तिथे मराठी लिहिलं, आणि मराठी रूपं आत असलेला फॉन्ट निवडला. एवढं असलं की ब्राउझर आपणहून मराठी रूप उचलतो. त्याच नोंदीमुळे अंधांसाठीचं वाचक ॲप मजकूर मराठी म्हणून वाचतं. पहिल्या कंपनीने मराठी पानावर भाषा इंग्रजी लिहून ठेवली होती, बहुधा ती नोंद कुणी उघडूनच पाहिली नव्हती.

सासऱ्यांनी नवीन पान पाहिलं. बोट लावून 'शेती' शब्द मोठा केला. "देठ ठेवलंस मां? बरां केलंस," एवढंच म्हणाले. आंबा आम्ही देठासकटच काढतो. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. ती मुलगी त्या दिवशी डोळे पुसत घरी गेली.

मला वाटतं, पहिल्या कंपनीत जे तीन महिने चाललं त्याचं उत्तर इथे आहे. तुटलेली रेघ चित्र काढणाऱ्याच्या कामात बसत नव्हती आणि कोड लिहिणाऱ्याच्याही नाही, ती दोघांच्या मधे पडली होती. ही मुलगी दोन्ही करते, त्यामुळे तिला 'ते माझं नाही' म्हणायला जागाच उरत नाही. पुण्याच्या नोकरीत आपण हाच वाद रोज ऐकायचो, असं ती म्हणाली.

मत दुसऱ्यांदा बदललं ते अक्षय्य तृतीयेला. साइट सुरक्षित असल्याचं जे प्रमाणपत्र लागतं ते आम्ही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळणारं वापरतो, ते ९० दिवस चालतं आणि मुदत संपायच्या आत आपोआप नवं व्हायला हवं. फेब्रुवारीत तिने साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवली. जानेवारीअखेरीस निघालेलं प्रमाणपत्र सोबत नेलं, पण ते नवं करणारी व्यवस्था जुन्या जागीच राहिली. एप्रिलअखेर ९० दिवस भरले. चूक सरळ तिची होती. ती त्या संध्याकाळी गोव्यात लग्नाला होती, फोन आवाज बंद करून ठेवलेला. मी तिला जे बोलले ते जरा जास्त झालं, पण १९ ऑर्डरी कमी नव्हेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. काय झालं, का झालं, कुठली पायरी राहिली, आता मुदतीच्या २० दिवस आधी तिला आणि मला दोघींना सूचना येईल, सगळं क्रमाने. सबबी सांगितल्या नाहीत. उलट माझ्या बाजूची एक गोष्ट मला आठवली. वर्षाला ६ हजारांचा देखभाल करार तिने सुरुवातीलाच पुढे केला होता आणि मी तो नाकारला होता. १६ महिने ती फुकट लक्ष ठेवत होती. मे महिन्यात मी ६ हजार भरले. तरीही, करार असो नसो, हलवाहलव तिने केली म्हणजे सगळं हललं का हे बघायची जबाबदारी तिचीच, हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि तिने मान्य केलं.

डोमेन माझ्या नावावर, होस्टिंगचं खातं माझ्या ईमेलवर, पासवर्ड घरच्या कपाटात. महिन्याला साइटची प्रत एका पेनड्राइव्हवर येते. हे तिने न मागता केलं. ४२ हजार मला आज जास्त वाटत नाहीत.

एक गोष्ट अजून बाकी आहे. बिलाची पीडीएफ निघते त्यात जोडाक्षरं फुटतात, 'श्री'चा श वेगळा, र वेगळा. पीडीएफ तयार करणाऱ्या त्या साधनाला देवनागरी जोडता येत नाही, दुसरा रस्ता काढून चतुर्थीपर्यंत करून देते म्हणालीय. आंबा संपला तरी कोकमाचं आगळ आणि फणसपोळीच्या ऑर्डरी पावसातही चालू असतात. तोवर प्रत्येक बिलावर ती जागा मोकळी सोडते आणि 'श्री' पेनाने लिहिते.