ग्रामीण पाणीसेवेची तूट कशी भरावी: कार्बन क्रेडिट आणि निकालाधारित अनुदान यांचा तुलनात्मक आढावा

ग्रामीण भागात पाण्याची योजना उभारण्यासाठी पैसा एकदा लागतो, पण ती चालवण्यासाठी दरवर्षी लागतो, आणि बहुतेक योजना या दुसऱ्या खर्चापाशीच अडतात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही दिवशी दर तीन-चार हातपंपांपैकी एक बंद असतो, असे गेल्या दीड-दोन दशकांतील पाहण्यांमध्ये वारंवार आढळले आहे. चुकीच्या जागी झालेली खोदाई आणि गंजणारे पाइप ही त्यामागची कारणे आहेतच. परंतु सुटे भाग, मिस्त्री आणि क्लोरीन यांसाठी नियमित पैसा नसणे हे त्यांतले सर्वांत चिवट कारण आहे. पाणीपट्टीतून हा खर्च क्वचितच पूर्ण निघतो आणि सरकारी तरतुदीचा भरवसा नसतो. उरलेली तूट भरण्यासाठी सेवा चालवणाऱ्या संस्थेपुढे आज प्रामुख्याने दोन मार्ग येतात: कार्बन क्रेडिटची, म्हणजे टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाबद्दल मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची, विक्री किंवा निकालाधारित अनुदान. दोन्हींत काम झाल्यावरच पैसे मिळतात. मात्र मोजले काय जाते, याबाबत दोन्ही मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत, आणि निवड करताना सर्वाधिक विचार याच मुद्द्याचा व्हायला हवा असे मला वाटते.

कार्बन क्रेडिटचा हिशेब सरपणापासून सुरू होतो. लोकांना निर्धोक पाणी मिळाले तर ते उकळण्यासाठी चूल पेटवावी लागणार नाही आणि जे लाकूड जळले नाही त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत जाणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. एक लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत नेण्यासाठी, थोडी वाफ धरून, साधारण 0.36 मेगाजूल उष्णता लागते. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता सहसा 10 टक्के धरली जाते. म्हणजे एका लिटरमागे 3.6 मेगाजूल उष्णता देणारे, पाव किलोपेक्षा थोडे कमी, लाकूड जळते आणि त्यातून सुमारे 400 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या हिशेबाने 2,500 लिटर पाण्यामागे एक टन, म्हणजे एक क्रेडिट, असे दिसते.

परंतु तोडलेले झाड पुन्हा वाढले तर तो कार्बन परत शोषला जातो. म्हणून जे सरपण पुन्हा भरून येत नाही तेवढ्याच वाट्याचे क्रेडिट मिळू शकते. हा वाटा किती धरायचा, यावर सगळे उत्पन्न उभे असते. अनेक जुन्या प्रकल्पांनी तो 80 ते 90 टक्क्यांच्या घरात धरला होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने मात्र 2009 मधील सरपणतोडीपैकी केवळ 27 ते 34 टक्के तोड अशाश्वत असल्याचा अंदाज मांडला. एक हजार लोकवस्तीचे गाव घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेतील पद्धतीप्रमाणे माणशी दिवसाला 5.5 लिटरची मर्यादा लावली आणि प्रत्येक जण अन्यथा पाणी उकळूनच प्यायला असता असे गृहीत धरले, तर 90 टक्के वाट्याने वर्षाला सुमारे 720 क्रेडिट होतात आणि 30 टक्के वाट्याने 240. गाव तेच, पंप तोच, मिस्त्रीचा पगारही तोच. उत्पन्न मात्र एक तृतीयांश. सल्लागाराने दाखवलेल्या तक्त्यात हा एक आकडा काय आहे, हे पाहिल्याखेरीज पुढची चर्चा करू नये. याच गणितावर चालणाऱ्या सुधारित चुलींच्या प्रकल्पांचा जो अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्या नमुन्याला प्रत्यक्ष बचतीच्या सरासरी नऊपट क्रेडिट मिळाल्याचे आढळले, आणि तेव्हापासून सावध खरेदीदार भरून न येणाऱ्या सरपणाचा हा वाटाच आधी विचारतात.

दुसरे गृहीतक अधिक नाजूक आहे. प्रत्यक्षात अनेक गरीब कुटुंबे पाणी उकळतच नाहीत. सरपण आणि वेळ परवडत नसल्यामुळे ती दूषित पाणी तसेच पितात. अशा कुटुंबांची मागणी गरिबीमुळे दबलेली आहे, ऐपत असती तर त्यांनी पाणी उकळले असते, असे मानून त्यांनाही हिशेबात घेण्याची मुभा कार्बन पद्धतींमध्ये आहे. न्यायाच्या दृष्टीने मला हे योग्य वाटते, कारण अन्यथा सर्वांत वंचित गावाला सर्वांत कमी पैसा मिळाला असता. तरीही यातून निर्माण होणारे काही क्रेडिट म्हणजे कधीच न झालेल्या धुराची बचत असते, हे खरेदीदाराला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. जिथे पाण्यात फ्लोराइड किंवा आर्सेनिक आहे तिथे तर हा सगळा युक्तिवाद लागूच पडत नाही: उकळल्याने ही द्रव्ये जात नाहीत, उलट वाफेमुळे पाण्यातील त्यांचे प्रमाण किंचित वाढते. अशा गावांनी कार्बन क्रेडिटचा नाद सोडून थेट अनुदान किंवा सरकारी तरतूद यांचाच विचार करावा.

निकालाधारित अनुदानात सरपण मध्ये येत नाही. दाता संस्थेशी झालेल्या करारानुसार पंप किती दिवस चालू राहिला, किती पाणी दिले गेले आणि स्थानिक वसुली किती झाली, यांवर पैसे मिळतात. केनिया, युगांडा आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांसारख्या देशांत ग्रामीण देखभाल सेवा चालवणाऱ्या संस्थांनी अशा करारांवर काम केले आहे. या मोजमापाचा मोठा गुण असा की गावकऱ्याला जे हवे असते तेच त्यात मोजले जाते. पावसाळ्यात लोक जवळच्या ओढ्याकडे किंवा पागोळीच्या पाण्याकडे वळतात आणि पंपाचा वापर घटतो; लिटरवर अवलंबून असलेले कार्बनचे उत्पन्न तेव्हा खाली येते, खर्च मात्र तसाच राहतो. चालू दिवसांवर आधारलेल्या करारात हा फटका बसत नाही. शिवाय करार झाल्यावर पहिला हप्ता काही महिन्यांत येऊ शकतो. कार्बनमध्ये आराखडा, तपासणी, नोंदणी, वर्षभराचे मोजमाप आणि स्वतंत्र पडताळणी एवढे टप्पे पार करून पहिले क्रेडिट हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात, आणि पडताळणीचा खर्च गावे मोजकी असली तरी फारसा कमी होत नाही. म्हणून लहान संस्थेने एकटीने या वाटेला जाऊ नये. शेकडो जलस्रोत एकत्र आणणाऱ्या कार्यक्रमात सामील होता आले तरच तो खर्च पेलतो.

निकालाधारित अनुदानाची कमजोरी मुदतीत आहे. दात्याचे प्राधान्यक्रम बदलतात, करार दोन-तीन वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाची हमी नसते. कार्बन प्रकल्पाला मात्र साधारण पाच ते दहा वर्षांचा क्रेडिट कालावधी आणि बहुधा नूतनीकरणाची सोय मिळते. अर्थात बाजारभावाची हमी तिथेही नाहीच, म्हणून किमान दर ठरवून केलेला आगाऊ खरेदी करार नसेल तर हा दीर्घ कालावधी कागदावरच राहतो.

घरगुती फिल्टर वाटायचे की सामाईक स्रोत चालता ठेवायचा, हा निर्णयही याच संदर्भात घ्यावा लागतो. 2011 मध्ये पश्चिम केनियात कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नावर विसंबून सुमारे नऊ लाख घरगुती फिल्टर मोफत वाटण्यात आले. दोन-तीन वर्षांनंतर स्वतंत्र संशोधकांनी घरोघरी विचारणा केली तेव्हा केवळ 19 टक्के घरांनी फिल्टर वापरत असल्याचे सांगितले, तर प्रकल्पाच्या स्वतःच्या पाहणीत वापर याहून कितीतरी जास्त दिसला होता. फिल्टर घरात आहे, एवढ्यावरून तो वापरात आहे असे म्हणता येत नाही, आणि लाखो घरांतला वापर प्रामाणिकपणे मोजणे अतिशय कठीण असते. याउलट मीटर बसवलेली नळयोजना किंवा क्लोरीनची नोंद ठेवणारा सामाईक स्रोत यांचे मोजमाप देखभालीसाठी करावेच लागते; त्याच नोंदी पडताळणीला उपयोगी पडतात. पाणी घरी नेताना पुन्हा दूषित होते, त्यामुळे साठवणीच्या भांड्यातील पाण्याचीही चाचणी लागेल, हे मात्र विसरू नये.

एक पेच निर्णय घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावा. कार्बन प्रकल्पाला हे सिद्ध करावे लागते की क्रेडिटच्या पैशाशिवाय हे काम झाले नसते. आणि शहाणपण असे सांगते की इतक्या अस्थिर पैशावर गावाचे पाणी अवलंबून ठेवू नये. यातून निघणारी मला पटलेली वाट अशी: पंप चालू ठेवण्याचा मूळ खर्च पाणीपट्टी, सरकारी तरतूद किंवा निकालाधारित अनुदान यांतून भागवावा आणि त्या पैशात एरवी जे बसत नाही, म्हणजे नियमित क्लोरीनीकरण, पाण्याच्या चाचण्या, सेवेबाहेर राहिलेल्या दूरच्या वस्त्या, ते कार्बनच्या उत्पन्नातून करावे. मग आधी न होणारे काम क्रेडिटमुळे झाले हे प्रामाणिकपणे दाखवता येते, आणि बाजार कोसळला तरी नळ कोरडे पडत नाहीत.

यानंतरही कार्बनचीच निवड होत असेल, तर सही करण्यापूर्वी करारातील काही कलमे वकिलाकडून तपासून घ्यावीत. क्रेडिटची मालकी कोणाकडे आहे आणि कुटुंबांनी आपला हक्क कोणत्या शब्दांत हस्तांतरित केला आहे, हे लेखी असावे. त्याच गावात सुधारित चुलींचा कार्बन प्रकल्प सुरू असेल तर तेच सरपण दोनदा मोजले जाण्याचा धोका असतो, त्याची छाननी करावी. पॅरिस करारातील कलम 6 खाली, ज्याचे नियम 2021 मध्ये ग्लासगो येथे ठरले, क्रेडिट दुसऱ्या देशाच्या उत्सर्जनकपातीच्या उद्दिष्टात मोजले जाणार असेल तर प्रकल्प ज्या देशात आहे तिथल्या सरकारची लेखी मंजुरी लागते. ठरलेले क्रेडिट निर्माण झाले नाहीत तर नुकसानभरपाई कोण देणार, हे कलम सर्वांत शेवटी आणि बारीक अक्षरांत असते. ती जबाबदारी पाणीसेवा चालवणाऱ्या संस्थेवर टाकलेली असल्यास तो करार नाकारावा.