जुन्या दगडी स्टेशनाची डागडुजी: चुना की सिमेंट?

आमच्या गावचं जुनं स्टेशन बार्शी लाइटवरचं, म्हणजे १८९७ साली सुरू झालेल्या त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीचं. रूळ रुंद झाले, नवं स्टेशन दुसरीकडे झालं आणि काळ्या दगडाची ही इमारत मागे राहिली. रीतसर परवानगी घेऊन आम्ही तिथे अभ्यासिका केली. तिकीटघराला सिमेंट, वेटिंग रूमला चुना. हे काही ठरवून झालं नाही. पैसे दोन हप्त्यांत आले आणि मधल्या काळात आमचं मत बदललं. पण त्यामुळे एकाच छपराखाली दोन्ही बघायला मिळाले.

तुमच्या हाती अशी इमारत आली असेल, तर सिमेंटकडे मन ओढ घेणं साहजिक आहे. गवंडी उद्या सकाळी हजर होतो, आठवड्यात खोली तयार. चुन्याचं तसं नाही. कळीचा चुना टाक्यात विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवायचा, मग वाळूशी मळायचा. आमच्याकडची चुना मळायची घाणी कधीच बंद पडली, तिचं दगडी चाक मारुतीच्या पाराला टेकून आहे. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधायला आम्ही तीन तालुके फिरलो. गिलावा झाल्यावर गोणपाटं टांगून दोन आठवडे तो ओला ठेवला. खर्चही जास्तच आला.

एवढं असूनही माझा कौल चुन्याला आहे, आणि त्याचं कारण शोरा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारे क्षार.

पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, तिकीटघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी लव उगवली. बोटावर घेऊन जिभेला लावली, तर खारट. झाडूने झाडली, आठवड्यात परत आली. रंगाचे पोपडे सुटले, खालच्या फळीवरची पुस्तकं फुगली. स्पर्धा परीक्षेची पोरं भिंतीला पाठ टेकेनाशी झाली, शर्टाला पांढरं लागतं म्हणून. दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला. शोरा थांबला नाही, वीतभर वर सरकला.

मागाहून उलगडा झाला. या इमारतींच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे ओल चढणारच. आपला काळा दगड घट्ट, त्यातून तिला बाहेर पडता येत नाही. तिला वाट असते ती दरजांची, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांची. चुन्याची दरज ओल बाहेर सोडते. तीच सिमेंटने बंद केली की पाणी आत कोंडतं आणि क्षार गिलाव्याला मागून ढकलतात. दगड मऊ असेल तर आणखी वाईट: दरज शाबूत राहते आणि दगडाच्याच कडा झडतात. देशात सिमेंट व्यापारी प्रमाणावर बनू लागलं तेच १९१४ मध्ये, पोरबंदरला. त्याआधीची बहुतेक दगडी स्टेशनं चुन्यावरच उभी आहेत.

वेटिंग रूममध्ये ओल येत नाही असं नाही. ऑगस्टमध्ये तिथली भिंतही गडद दिसते, पण दसऱ्यापर्यंत सुकते. गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यातल्या काही शोधूनही सापडल्या नाहीत, कारण चुना अशा बारीक चिरा आपल्या आपण भरून काढतो. मात्र त्यावर रंगही चुन्याचाच हवा. प्लॅस्टिक पेंट लावलात तर सगळं मुसळ केरात.

प्रत्येक दगड आणि प्रत्येक गावचं पाणी वेगळं, त्यामुळे तुमचा अनुभव कदाचित निराळा असेल. नवं स्वच्छतागृह, पाण्याची टाकी यांना सिमेंटच बरं, आम्हीही तेच वापरलं. पण जुन्या बांधकामाला जुन्या रीतीने जपलं तर रोजच्या वापराला ते टिकायचं नाही, असं कुणी म्हणालं, तर त्याला भायखळ्याला न्या. त्या स्थानकाच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा २०२२ चा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, आणि तिथे आजही लोकल थांबतात, माणसं धावतपळत चढतात.

येत्या मार्चमध्ये आम्ही तिकीटघराच्या दरजा उकरायला घेतोय. ग्राइंडरने दगडाच्या कडा कापल्या जातात, म्हणून छिन्नी-हातोडीनेच. चुना जानेवारीपासून टाक्यात पडून आहे, रोज संध्याकाळी कुणीतरी जाऊन वर पाणी आहे ना ते बघतं.