मंडईच्या रात्री पडद्यावर कोणती मॅच लावायची: अंडरटेकर-शॉन की ब्रेट-ऑस्टिन?

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार (इथलं लोकनाट्य), रात्री नाटक. यंदा आमच्याकडच्या पोट्ट्यांनी ठरवलं आहे की नाटकाच्या आदल्या रात्री शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि डब्ल्यूडब्ल्यूईची, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन रेसलिंग कंपनीची, एकच जुनी मॅच दाखवायची. कोणती, यावर पानठेल्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते अंडरटेकर विरुद्ध शॉन मायकल्स, २००९ ची. दुसरी म्हणते ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, १९९७ ची. बाकीची नावं आली आणि गेली, त्यांचाही हिशोब पुढे करतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॅच म्हणून मोठी २००९ ची. पण पटांगणात लावायची असेल तर मी १९९७ ची लावीन.

पडदा लागला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी मागून ओरडणारच, "हे तं सारं नाटक राहते ना गा?" हो जी, राहते. निकाल आधीच ठरलेला असतो. पण हाच माणूस दुसऱ्या दिवशी रात्री शाल गुंडाळून नाटकाला बसेल, भावाची जमीन हडपणाऱ्या खलनायकाला पहाटेपर्यंत शिव्या घालेल, आणि तो वडसाच्या कंपनीतला पगारी नट आहे हे तिथं त्याला आठवणार नाही. रेसलिंगकडे त्याच डोळ्यांनी पाहायचं. फरक इतकाच की इथला नट खरोखर आपटतो. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. गादी नाही ती. ठरवून पडलं तरी पाठीला ते ठरलेलं आहे हे कळत नाही.

आता २००९. रेसलमेनिया २५ (रेसलमेनिया म्हणजे कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम), ह्यूस्टनचं रिलायंट स्टेडियम, ५ एप्रिल. अंडरटेकर तोवर रेसलमेनियात सोळा वेळा उतरला होता आणि सोळाही वेळा जिंकला होता. शॉन पांढऱ्या कपड्यांत उजेडात वरून खाली येतो, अंडरटेकर, ज्याचं सोंगच मेलेल्या माणसाचं, काळ्या कपड्यांत खालून वर. एवढ्यावरच आपल्या लोकांना कोण कोण आहे ते समजेल, त्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, शॉन ४३ चा, अंडरटेकर ४४ चा. तरी अर्ध्या तासाहून थोडी जास्तच झुंजतात.

मधला एक प्रसंग सगळ्यांना हादरवतो. पावणेसात फुटांच्या घरातला अंडरटेकर धावत येऊन वरच्या दोरावरून बाहेर उडी घेतो. शॉन ऐनवेळी एका कॅमेरामनला पुढे ओढतो आणि अंडरटेकर जवळजवळ डोक्यावर आपटतो. तो कॅमेरामन म्हणजे कंपनीचाच एक पहेलवान होता. त्यानं झेलायचं होतं, ते नीट जमलं नाही. पाहताना क्षणभर मॅच इथंच संपली असं वाटतं, आणि शॉन रेफरीला ‘मोज, मोज’ म्हणून घाई करतो (मोजणी संपेपर्यंत आत आला नाही तो हरला) तेव्हा तर त्या माणसाचा रागच येतो. त्यानंतरची दहा मिनिटं म्हणजे दोघांनी आपापला शेवटचा डाव टाकायचा आणि चित पडलेल्या समोरच्यानं दोनच्या मोजणीवर खांदा उचलायचा, कारण तीनला हार. टूमस्टोन या अंडरटेकरच्या हुकमी डावानंतर शॉन उठतो तेव्हा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते त्यानं १९९० पासूनच्या कारकिर्दीत क्वचितच दाखवलं असेल. भूत घाबरलेलं.

अडचण इथंच आहे. टूमस्टोन म्हणजे काय, त्यातून सहसा कोणी उठत नाही, सोळाला शून्य हा आकडा केवढा मोठा, हे माहीत असलेल्याच्या अंगावर काटा येतो. नसलेल्याला दिसतो एक माणूस दुसऱ्याला उलटा धरून आपटताना, आणि मग तो दुसरा उठतो. माझ्या मामीला मी ही मॅच दाखवली होती. त्या म्हणाल्या, "मंग मघाशी तं याहून जोरात पडला होता, तेव्हाबी उठलाच ना." त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. ही मॅच आधीच्या वीस वर्षांच्या भांडवलावर चालते. ज्यांनी लहानपणी ट्रम्प कार्डावर अंडरटेकरची उंची-वजन पाठ केलं, अंडरटेकर सात वेळा मरून परत आला असं शाळेत शपथेवर सांगितलं, अक्षयकुमारनं त्याला सिनेमात खरोखर हाणला यावर मारामाऱ्या केल्या (तो ब्रायन ली नावाचा दुसराच पहेलवान होता, बाप्पा), त्यांच्यासाठी ही मॅच म्हणजे जत्रा. पटांगणात अशी तिशी-पस्तिशीचीच मंडळी जास्त असणार असेल, तर पुढचं वाचूच नका, हीच लावा.

१९९७ चं तसं नाही. २३ मार्च, शिकागोजवळचं रोझमाँट होरायझन, रेसलमेनिया १३. नियम एकच: चित करून जिंकता येत नाही, समोरच्यानं ‘सोडतो’ म्हटलं पाहिजे. आमच्या वस्तादांना समजवायला हे एक वाक्य पुरलं. पंच म्हणून केन शॅमरॉक, जो खऱ्या लढतींच्या यूएफसीतून आलेला, त्यामुळे पकडीला वजन येतं. ब्रेट गुलाबी-काळ्या कपड्यांतला सज्जन, ऑस्टिन टकला, उर्मट, शिवराळ. म्हणजे सुरुवातीला नायक कोण आणि खलनायक कोण ते उघड आहे. दोघे आधी प्रेक्षकांत घुसून मारामारी करतात, मग रिंगमध्ये येतात, आणि ब्रेट ऑस्टिनच्या गुडघ्याला लागतो. एकाच पायाला, पुन्हा पुन्हा. आखाड्यात बसलेला कोणीही ओळखेल की शेवटची पकड त्याच पायावर येणार.

ती येते. शार्पशूटर, म्हणजे पाय पिळून पाठ वाकवणारी ब्रेटची पकड, लागतो, ऑस्टिनचं सगळं तोंड रक्तानं माखलेलं, दातांतसुद्धा रक्त, आणि तो ‘सोडतो’ म्हणत नाही. जोर लावून एकदा पकड जवळजवळ उलटवतो, पण ती सुटत नाही. शेवटी शुद्ध हरपते आणि शॅमरॉक लढत थांबवतो. ब्रेट जिंकला. पण ब्रेटचं समाधान होत नाही, बेशुद्ध माणसाच्या पायावर तो पुन्हा तुटून पडतो, शॅमरॉक त्याला उचलून फेकतो, आणि ब्रेट बाहेर पडतो तेव्हा त्याच्या वाट्याला शिव्या येतात. ऑस्टिन मदतीला आलेल्या रेफरीलाच आपटतो आणि लंगडत एकटा निघतो. थोड्या वेळापूर्वी ज्याला लोक नावं ठेवत होते त्याच्या नावाचा गजर. बाविसेक मिनिटांत नायक खलनायक झाला आणि खलनायक नायक. हे मुद्दाम तसंच रचलेलं होतं आणि ते इतकं साफ उतरलं की आजही रेसलिंग शिकवताना त्याचा दाखला देतात.

यात पाहणाऱ्याला आधीचं काही माहीत असावं लागत नाही. एकच गोष्ट कळावी लागते: हा माणूस शरण येतो की नाही. सावकारापुढे, साहेबापुढे, पुरापुढे मान न वाकवणारा माणूस आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून माझं मत १९९७ ला.

विरोधातला मुद्दाही खरा आहे, तो लपवत नाही. रक्त भरपूर आहे. पटांगणात पुढच्या रांगेत लहान लेकरंच बसतात, हे लक्षात घ्या. २००९ च्या मॅचमध्ये तसलं काही नाही आणि दिसायलाही ती फार देखणी: हजारो माणसं, रोषणाई, स्वच्छ चित्र. १९९७ चं चित्र जुन्या टीव्हीसारखं, मोठ्या पडद्यावर जरा धुरकट दिसणार. शेवटही बघा. २००९ मध्ये शॉन वरून उलटी उडी मारतो, अंडरटेकर त्याला हवेतच झेलतो, टूमस्टोन, एक-दोन-तीन, टाळ्या. लोक खूश होऊन घरी जातील. १९९७ मध्ये जिंकलेला माणूस वाईट निघतो आणि हरलेला लंगडत जातो. आमच्याकडच्या नाटकवेड्यांना हा दुसरा शेवट जास्त भावेल असा माझा अंदाज आहे.

कलाकार म्हणून कोण मोठा? शॉन मायकल्ससारखं पडणं कोणाला जमलं नाही. समोरच्याचा ठोसा दुप्पट जोराचा वाटावा असा तो उडतो, आणि कधी कधी नको तितका उडतो. ब्रेट उलटा. त्याचं काहीच वायफळ नाही, प्रत्येक डावाला कारण असतं. वडील स्टू हार्ट यांनी कॅल्गरीच्या घराच्या तळघरात पोरांना घडवलं, ती घरातली आखाड्याची शिस्त त्याच्या अंगात दिसते. १९९७ मध्येच ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये शॉनविरुद्धच्याच मॅचमध्ये मालक विन्स मॅकमोहननं ब्रेटला न सांगता घंटा वाजवून अजिंक्यपदाचा पट्टा काढून घेतला, तो वेगळाच महाभारताचा अध्याय. मला विचाराल तर ब्रेट. ऑस्टिनबद्दल एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही: ब्रेटबरोबरच्या त्या मार्चमधल्या मॅचनंतर पाच महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९९७ मध्ये, त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि पुढचा ऑस्टिन म्हणजे ठोसे, स्टनर हा त्याचा एकच हुकमी डाव आणि बिअर. पकडी, डाव, दम असलेला पूर्ण ऑस्टिन पाहायचा तर ब्रेटबरोबरच्याच मॅचमध्ये.

आता राहिलेल्यांचा हिशोब.

हेल इन अ सेल, म्हणजे छत असलेल्या पिंजऱ्यातली मॅच, २८ जून १९९८, अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड. पोट्ट्यांनी हीच सगळ्यात आधी सुचवली होती. सोळा फुटी पिंजऱ्यावरून माणूस टेबलावर फेकला, मग छताची जाळी तुटून पुन्हा आत पडला, आणि तो दुसरा प्रकार ठरलेला नव्हता. दात तुटला. मोबाइलवर दोन मिनिटं बघायला ठीक. पण ती झुंज नाही, अपघात आहे. मी लावू देणार नाही.

सॅव्हेज विरुद्ध स्टीमबोट, २९ मार्च १९८७, रेसलमेनिया ३. रँडी सॅव्हेजनं यातली प्रत्येक हालचाल आधी लिहून पाठ केली होती असं सांगतात, आणि पाहताना ते जाणवतं: कुठेही थांबणं नाही, पंधरा मिनिटांच्या आत खेळ खलास. पावसाचं सावट असेल किंवा लाइनचा भरवसा नसेल तर ही हाताशी ठेवा. लेकरांनाही चालते. वेळेचीच अडचण असेल तर माझी दुसरी पसंती हीच, अंडरटेकर-शॉनच्याही आधी.

रॉक विरुद्ध हल्क होगन, टोरांटो, १७ मार्च २००२. डाव म्हणाल तर यथातथाच. पण होगन खलनायक म्हणून आला आणि सगळं स्टेडियम त्याच्याच बाजूनं उभं राहिलं; दोघांनी तिथल्या तिथं सूर बदलला. २०२५ च्या जुलैत होगन गेला, त्यामुळे त्याच्या नावानं ही लावा असं एकानं सुचवलं. विचार वाईट नाही, पण लोकांना होगन कोण हे सांगण्यातच अर्धी रात्र जाईल.

ओकाडा विरुद्ध केनी ओमेगा, टोकियो डोम, ४ जानेवारी २०१७. ही डब्ल्यूडब्ल्यूईची नाही, जपानी कंपनीची. माझ्या मते आजवरची सर्वांत उत्तम झुंज. ४६ मिनिटं ४५ सेकंद. पहिली वीस मिनिटं मात्र संथ आहेत, आणि पटांगणातली माणसं तोवर चहाला उठलेली असतील. ही एकट्यानं, रात्री, कानात हेडफोन घालून बघायची.

बायली विरुद्ध साशा बँक्स, ब्रुकलिन, २२ ऑगस्ट २०१५. ही विसरू नका. बायकांच्या झुंजीला एवढी कथा पूर्वी क्वचितच मिळाली होती. बायलीचा हात दुखावलेला, साशा त्याच हातावर पाय देते. पटांगणात मायबहिणी जास्त असणार असतील तर ब्रेट-ऑस्टिनला खरी टक्कर हीच देऊ शकते. पोट्ट्यांना हे पटलं नाही, त्यांचं सोडा.

आणि खली. कोणीतरी म्हणणारच, "आपला माणूस काहून नाही?" दलीपसिंग राणा २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, ती अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्याची एकही मॅच अशी नाही की जी अनोळखी माणसाला दाखवून सांगता यावं, बघ, हे असं असतं. त्याची एंट्री लावा, टाळ्या घ्या, पुढे सरका.

तर लावायची असेल ब्रेट-ऑस्टिन, तर थोडी तयारी करा. इंग्रजी समालोचनाचा आवाज निम्म्यावर आणा, गर्दीचा आवाज पुरे. सुरू होण्याआधी दंडारीतल्या एखाद्या बोलक्या माणसाला दोन मिनिटं माइक द्या: हा सज्जन, हा उर्मट, आणि ‘सोडतो’ म्हणेल तो हरला. तेवढंच. पूर्वी सोनीवर लागायचं ते आता एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आलं आहे, आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या यूट्यूब चॅनलवर बऱ्याच जुन्या मॅच पूर्ण असतात. पण मंडईच्या दिवशी सगळे पाहुणे मोबाइल घेऊन गावात असतात, टॉवर एकच, नेट रांगत चालते. मॅच ॲपमध्ये आदल्या आठवड्यातच डाउनलोड होते का ते बघून ठेवा, आणि लाइन गेली तर ऑटोच्या बॅटरीवर प्रोजेक्टर चालतो का हे डेकोरेशनवाल्याला आजच विचारा.