खांद्यातली कूर्चा फाटली: व्यायाम की दुर्बीण?

नागपूरच्या धंतोलीत एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला, त्यात ‘लॅब्रम टिअर’ (खांद्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चा फाटलेली) दिसलं, की लगेच ऑपरेशनची तारीख मागू नका. चाळिशीनंतर अशी चीर न दुखणाऱ्या खांद्यातही सापडते. हात डोक्यावर नेतानाच कळ येत असेल, तर आधी ३ महिने फिजिओथेरपी: रबर बँड, खांद्याच्या पात्याचे व्यायाम. कंटाळवाणं आहे, पण बऱ्याच जणांचं त्यावर भागतं.

खांदा वारंवार निखळणारा विशीतला कबड्डीपटू मात्र वेगळा. तिथे दुर्बिणीतून, छोटे अँकर लावून कूर्चा खोबणीच्या कडेला पुन्हा शिवलेली बरी. मग साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत, गाडी बंद (नागपुरी मे महिन्यात ती झोळी नकोशी होते भाऊ), मैदानावर परतायला सहाएक महिने. साध्या एमआरआयमध्ये चीर निसटू शकते. शंका असेल तर सांध्यात औषध सोडून काढलेला एमआर आर्थ्रोग्राम जास्त भरवशाचा.